कुणाची बाजू कागदावर येते? पेटिना गापा यांची सुरुवातीची वर्षं

पेटिना गापा यांची ओळख बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकतात: झिम्बाब्वेच्या कथा-कादंबरीकार आणि आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या वकील. वाक्याचा पहिला भाग वाचकाला आवडतो. दुसऱ्या भागाशी तो अडखळतो, ‘पोटापाण्यासाठी करत असतील काहीतरी’ असं मनाशी म्हणतो आणि पुढे जातो. मला मात्र त्यांची पुस्तकं वाचताना सारखं वाटत राहिलं की त्यांची वकिली समजून घेतली नाही, तर त्यांचं लेखन अर्धंच हाती लागतं. व्यापार कायदा हा विषय रुक्ष म्हणून ओळखला जातो. तो इथे शक्य तितका सोपा करून सांगते, कारण त्या रुक्षपणाच्या आत एक फार जिवंत प्रश्न आहे. भांडण झालं की कुणाची बाजू कागदावर येते, आणि कुणाची येतच नाही?

गापा यांचा जन्म १९७१ सालचा, झांबियातला. आईवडील मात्र शेजारच्या ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचे. मुलगी तान्ही असतानाच कुटुंब मायदेशी परतलं. तो देश तेव्हा मूठभर गोऱ्यांच्या ताब्यात होता. इयन स्मिथ यांच्या सरकारने १९६५ मध्ये ब्रिटनला न जुमानता एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. हे स्वातंत्र्य गोऱ्यांपुरतंच होतं. जमीन, वस्ती, शाळा, दवाखाना, सगळं रंगानुसार वाटलेलं. काळ्या माणसांनी शहराबाहेरच्या त्यांच्यासाठी आखलेल्या वसाहतींत राहायचं. पेटिनाचं लहानपण अशाच वसाहतीत सुरू झालं. मग मोठं युद्ध झालं, आणि १८ एप्रिल १९८० रोजी झिम्बाब्वे स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्यानंतर काही मोजक्या काळ्या कुटुंबांना पूर्वी फक्त गोऱ्यांच्या असलेल्या भागात घर घेता आलं. त्यांच्यात गापा कुटुंबही होतं. नऊ-दहा वर्षांची ही मुलगी कालपर्यंत तिच्यासारख्यांना बंद असलेल्या शाळेत दाखल झाली, तिथल्या पहिल्या काळ्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणून. घरची भाषा शोना, शाळेची इंग्रजी. पुस्तकांचं वेड तिथेच लागलं आणि लिहिणंही तेव्हाच सुरू झालं. पुढे मिशनऱ्यांच्या शाळेत असताना, वयाच्या चौदाव्या वर्षी, शाळेच्या मासिकात पहिली गोष्ट छापून आली.

मग त्या कायद्याकडे वळल्या. नव्या देशात हुशार मुलीकडून घरच्यांची अपेक्षा काय असते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पण झिम्बाब्वेत कायदा शिकणं म्हणजे नेमकं काय शिकणं, हे पाहण्यासारखं आहे.

भारतात इंग्रजांनी आपल्या धर्तीचा कायदा आणला. दक्षिण आफ्रिकेकडून ऱ्होडेशियात आलेला कायदा मात्र वेगळा. डच लोक दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपला आले तेव्हा प्राचीन रोमन कायद्यावर उभी असलेली त्यांची पद्धत घेऊन आले, पुढे तिच्यावर इंग्रजी पद्धतीचे थर चढले. त्यामुळे राजधानी हरारेच्या विद्यापीठातला विद्यार्थी एकीकडे रोमन-डच तत्त्वं वाचतो, दुसरीकडे इंग्रजी निवाडे. आणि या दोन्हींच्या बाजूला तिसरा कायदा उभा असतो, आफ्रिकी समाजांचा परंपरागत कायदा. लग्न, वारसा, मुलांचा ताबा या गोष्टी बहुसंख्य काळ्या कुटुंबांत त्यानुसार ठरत. गोऱ्यांच्या राजवटीत हा कायदा न्यायालयांनी आपल्या समजुतीप्रमाणे घट्ट करून ठेवला, आणि त्यात बाई जन्मभर अज्ञान ठरली. आधी बापाच्या पालकत्वाखाली, मग नवऱ्याच्या.

नव्या सरकारने १९८२ मध्ये कायदा करून अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, स्त्रियांनाही, सज्ञान ठरवलं. स्वतःच्या नावावर करार करता येणं, मालमत्ता घेता येणं, कोर्टात उभं राहता येणं, हे सगळं त्या एका कायद्याने आलं. गापा यांची पिढी या कायद्याच्या उजेडात शिकली. आणि मग १९९९ मध्ये मगाया विरुद्ध मगाया या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परंपरागत कायद्यानुसार थोरल्या मुलीला डावलून वारसा मुलाकडे जाऊ शकतो. त्या वेळच्या राज्यघटनेत भेदभावाला बंदी होती, पण परंपरागत कायद्याला त्या बंदीतून सूट होती. हक्क कागदावर लिहिला, तरी तो कोण वाचतं आणि कसा वाचतं यावर सगळं ठरतं. गापा यांच्या कथांतल्या विधवा, सुना, मोलकरणी वाचताना हा निकाल माझ्या डोक्यातून जात नाही.

झिम्बाब्वे विद्यापीठानंतर केंब्रिजची पदव्युत्तर पदवी आणि ऑस्ट्रियातल्या ग्रात्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यात डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या जिनिव्हाला पोचल्या. जागतिक व्यापार संघटना तिथेच आहे.

आता जरा सावकाश, कारण पुढचा भाग बहुतेक लोक वगळतात.

जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली. देशांनी एकमेकांच्या मालावर किती कर लावायचा, कुठली बंधनं घालायची, स्वतःच्या शेतकऱ्यांना आणि कारखान्यांना किती मदत द्यायची, याचे नियम तिथे ठरतात. आधीच्या व्यवस्थेतही तंट्यांची सुनावणी होत असे, पण हरलेला देश कधीकधी निकाल मंजूरच होऊ देत नसे, आणि तसं करायची मुभा त्याला होती. १९९५ नंतर ती मुभा गेली. आधी साठ दिवस बोलणी, जमलं नाही तर तीन तज्ज्ञांचं मंडळ, त्यावर सात सदस्यांचं अपील मंडळ, आणि निकाल दोन्ही पक्षांवर बंधनकारक. हे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिका नव्या नेमणुका होऊ देत नाही. पण गापा जिनिव्हाला गेल्या तो काळ या व्यवस्थेच्या उमेदीचा होता. छोटा देश मोठ्या देशाला नियमावर बोट ठेवून खेचू शकतो, असं प्रथमच वाटत होतं.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण म्हणतो. इथे गरीब देशांना ती पायरी चढायचीच सोय नव्हती. खटल्याची कागदपत्रं हजारो पानांची. जुने निवाडे पाठ असलेले वकील वॉशिंग्टन आणि ब्रसेल्सच्या मोठ्या फर्ममध्ये, आणि त्यांची फी तासावर. कित्येक छोट्या देशांचं जिनिव्हातलं कार्यालय दोन-तीन माणसांचं, काहींचं तिथे कार्यालयच नाही. नियम सगळ्यांना सारखे असले, तरी ते वापरण्याची ताकद सारखी नव्हती.

यावर उपाय म्हणून २००१ मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या कायद्यासाठीचं सल्ला केंद्र सुरू झालं. काही श्रीमंत देशांनी आणि विकसनशील देशांनी मिळून पैसे उभे केले. विकसनशील सदस्य देशांना सवलतीच्या दरात वकील मिळतात, अतिगरीब देशांना सदस्य न होताही नाममात्र दरात. भारतही या केंद्राचा सदस्य आहे. पेटिना गापा यांनी आपल्या वकिलीची बरीच वर्षं या केंद्रात घालवली. फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो तसंच हे, फक्त इथे अशील म्हणजे देश.

केंद्राच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक खटला सार्डिन माशांचा. युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाने) १९८९ मध्ये नियम केला होता की डब्यावर ‘सार्डिन’ हे नाव फक्त युरोपच्या किनाऱ्याजवळ सापडणाऱ्या एका जातीलाच लावायचं. पेरू देशाचा मासा त्याच कुळातला, पण पॅसिफिक महासागरातला. त्याचे डबे युरोपात सार्डिन म्हणून विकता येईनात. अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत मात्र अशा माशाला देशाचं, प्रदेशाचं किंवा जातीचं नाव जोडून सार्डिन म्हणायची परवानगी होती. केंद्राच्या वकिलांच्या साहाय्याने पेरूने खटला लढवला. २००२ च्या सप्टेंबरात अपील मंडळाने पेरूच्या बाजूने निकाल दिला.

त्या निकालातला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. खालच्या मंडळाने म्हटलं होतं की आंतरराष्ट्रीय मानक आपल्याला का चालत नाही हे युरोपने सिद्ध करावं. अपील मंडळाने ते फिरवलं. सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराचीच, म्हणजे पेरूची, असं ठरवलं. आणि तरीही पेरू जिंकला, कारण त्याच्या बाजूने पुरावा आधीच नीट मांडलेला होता. जो दुबळा आहे त्याला दुप्पट तयारी करून जावं लागतं. तशी तयारी करून देणारं कुणी पाठीशी असेल, तरच ते जमतं.

दुसरं उदाहरण आपल्याला थोडं बोचणारं आहे. भारताने बांगलादेशातून येणाऱ्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर अँटी-डंपिंग शुल्क लावलं. परदेशी माल अवाजवी स्वस्तात ओतला जातोय असं दाखवता आलं, तर असं शुल्क लावता येतं. पण आयात नगण्य असेल तर चौकशी थांबवावी, असाही नियम आहे. बांगलादेशचं म्हणणं होतं की त्याचा हिस्सा त्या मर्यादेच्या आतच आहे. २००४ मध्ये त्याने भारताविरुद्ध तक्रार नोंदवली, पाठीशी हेच केंद्र. अतिगरीब गटातल्या एखाद्या देशाने दुसऱ्या देशाला जागतिक व्यापार संघटनेत खेचण्याची ती पहिली वेळ. खटला मंडळापर्यंत गेलाच नाही, भारताने शुल्क मागे घेतलं. मोठा शेजारी कसा दिसतो हे समोरच्या बाजूने पाहायला मिळतं, म्हणून हा किस्सा लक्षात ठेवावा असा.

हे खटले केंद्राचे, एकट्या गापांचे नव्हेत. पण त्यांची रोजची हवा ही होती. दिवसभर दुबळ्या पक्षाची बाजू काटेकोर भाषेत मांडायची, प्रत्येक दाव्याला पुरावा जोडायचा, समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं समजून घ्यायचं. या शिस्तीत वर्षानुवर्षं राहिलेली व्यक्ती गोष्ट लिहायला बसते, तेव्हा तिची पात्रंही वेगळी बोलतात.

२००६ च्या सुमारास गापा नेटाने लिहू लागल्या. पस्तिशी आली होती, चांगली नोकरी होती, मायदेश मात्र कोसळत होता. झिम्बाब्वेत २००० पासून गोऱ्यांच्या शेतजमिनी ताब्यात घेण्याचा धडाका सुरू झाला होता. जमिनीच्या वाटपातला अन्याय खरा होता, शतकभराचा होता. पण दुरुस्ती हिंसेने आणि वशिलेबाजीने झाली आणि शेती बसली. २००५ मध्ये सरकारने शहरांतल्या अनधिकृत झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने अंदाज दिला की सुमारे ७ लाख लोकांचं घर किंवा रोजगार किंवा दोन्ही गेलं. मग महागाई. २००८ च्या जुलैचा सरकारी आकडा वर्षाला २३ कोटी टक्क्यांच्या वर होता, आणि जानेवारी २००९ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने शंभर लाख कोटी डॉलरची नोट काढली. पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत उरत नसे.

जिनिव्हात बसून या सगळ्यावर संतापाचे लेख लिहिणं सोपं होतं. गापा यांनी कथा लिहिल्या, आणि त्यांत आश्चर्य वाटावं इतकं हसू आहे. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ‘पेन’ या लेखकांच्या संस्थेच्या कथास्पर्धेत त्यांना दुसरं पारितोषिक मिळालं. अंतिम निवड करणारे होते नोबेल विजेते जे. एम. कूट्झी. एप्रिल २००९ मध्ये लंडनच्या फेबर प्रकाशनाकडून ‘ॲन एलेजी फॉर ईस्टर्ली’ हा तेरा कथांचा संग्रह आला. इंग्रजी प्रकाशनात नव्या लेखकाकडून आधी कादंबरी मागतात, कथासंग्रह खपत नाहीत अशी तिथली धारणा. पदार्पणच कथांनी होणं म्हणूनच धाडसाचं होतं, लेखिकेचं तसं प्रकाशकाचंही.

त्या कथांतली माणसं बघा. सरकारी इतमामाने पुरल्या जाणाऱ्या पुढाऱ्याची विधवा, जिला ठाऊक आहे की शवपेटीत नवरा नाही, माती आहे. निवृत्त झालेला शवपेट्या बनवणारा कारागीर, ज्याला निवृत्तिवेतनाऐवजी बुटांचे जोड मिळालेत आणि जो नाचाच्या स्पर्धेत उतरतो. लंडनहून येणाऱ्या पार्थिवाची विमानतळावर वाट पाहणारं कुटुंब. इंटरनेटवरच्या लॉटरीच्या थापेला भुललेला झिम्बाब्वेचा जिनिव्हातला राजनैतिक अधिकारी. मनोरुग्णालयात पोचलेली कायद्याची विद्यार्थिनी. आणि एका भारतीय दुकानदाराकडे काम करणारी ज्युलियाना मावशी. आफ्रिकेतल्या भारतीय दुकानदारांकडे काउंटरच्या दुसऱ्या बाजूने कसं पाहिलं जातं, हे आपण वाचायलाच हवं.

या कथांमध्ये वकील कुठे दिसतो? निकाल न देण्यात. गापा पात्राला त्याची बाजू पूर्ण मांडू देतात. खोटं बोलणाऱ्यालाही, लाचखाऊलाही. सरकारी भाषा, प्रार्थनेची भाषा, बायकांच्या कुजबुजीची भाषा, इंग्रजीत मिसळलेले शोना शब्द, हे सगळं साक्षीदाराच्या तोंडचं जसंच्या तसं नोंदवल्यासारखं येतं. मग वाचक स्वतःच तोलू लागतो.

२००९ च्या डिसेंबरात या संग्रहाला ‘गार्डियन’ वृत्तपत्राचा पहिल्या पुस्तकासाठीचा पुरस्कार मिळाला. तो ललित आणि ललितेतर अशा सगळ्या पुस्तकांतून दिला जायचा. फ्रँक ओ’कॉनर कथापुरस्काराच्या अंतिम यादीतही संग्रह होता. पाठोपाठ एक उपाधी चिकटली, ‘झिम्बाब्वेचा आवाज’. गापा यांनी ती उघडपणे नाकारली. मला हे त्यांच्या सुरुवातीच्या काळातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल वाटतं. आफ्रिकेतल्या लेखकाला इंग्रजी जगात प्रवेश मिळतो तो बऱ्याचदा अख्ख्या देशाचं दुःख सांगणारा म्हणून. वकिलाकडे वकालतनामा असतो, अशिलाने सही करून दिलेला. देशाने तसा वकालतनामा कुठल्याच लेखकाला दिलेला नसतो. हा फरक व्यवसायाने वकील असलेल्या माणसाइतका दुसऱ्या कुणाला नेमका कळणार?

पहिली कादंबरी ‘द बुक ऑफ मेमरी’ यायला २०१५ उजाडलं. मधे सहा वर्षं गेली, नोकरी चालूच होती. कादंबरीची निवेदक मेमरी नावाची, कोड नव्हे तर जन्मतःच रंगद्रव्य नसलेली स्त्री. काळ्या कुटुंबात जन्मलेली, दिसायला गोरी. एका गोऱ्या प्राध्यापकाने तिला वाढवलं, आणि त्याच्याच खुनाबद्दल ती हरारेच्या चिकुरुबी तुरुंगात फाशीची वाट पाहते आहे. तिची वकील तिला सांगते, आठवतं ते सगळं लिहून काढ. म्हणजे कादंबरी हाच अपिलाचा मसुदा आहे.

इथे कायद्याची पार्श्वभूमी माहीत असली तर वाचन बदलतं. झिम्बाब्वेत खुनाचा गुन्हा सिद्ध झाला आणि गुन्हा सौम्य ठरवणारी परिस्थिती न्यायालयाला दिसली नाही, तर त्या काळी फाशी ठरलेलीच असे. त्यामुळे परिस्थिती, पूर्वायुष्य, लहानपणच्या जखमा, म्हणजे कादंबरीकाराचा सगळा ऐवज, तिथे पुरावा होता. २०१३ च्या नव्या राज्यघटनेने स्त्रियांना फाशी देण्यावर बंदी घातली, आणि २०२४ च्या शेवटी देशाने सामान्य गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली. मेमरीची अडचण मात्र याहून खोल आहे. ती खोटं बोलत नाही, पण तिची आठवण विश्वासार्ह नाही. लहानपणी पाहिलेल्या गोष्टींवर तिने जन्मभराचा निष्कर्ष उभा केला आहे. प्रामाणिक साक्षीदार चुकीचा असू शकतो, हे कुठलाही वकील पहिल्या काही वर्षांत शिकतो. गापा यांनी त्यावर अख्खी कादंबरी उभी केली. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, आलेल्या कथासंग्रहाला तर त्यांनी हरारेतल्या फौजदारी कोर्टाच्या रस्त्याचंच नाव दिलं, ‘रॉटन रो’.

मराठी वाचकाला थेट जोडणारा धागा त्यांच्या २०१९ च्या कादंबरीत आहे, ‘आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट’. स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला. त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच पुरलं आणि वाळवलेला देह खांद्यावरून हजारेक मैल चालत समुद्रापर्यंत आणला. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. गुलामांच्या जहाजावरून सुटका झालेला हा मुलगा शिकला होता आपल्या नाशिकमध्ये, शरणपूरच्या मिशन शाळेत. अशी सुटका झालेली कित्येक आफ्रिकी मुलं तेव्हा मुंबई-नाशिकला आणली गेली होती आणि लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत ‘नाशिकची मुलं’ म्हणूनच ओळखली जात. वेनराइटला लिहिता येत होतं. त्याने दफनाची प्रार्थना वाचली, झाडावर लिव्हिंगस्टनचं नाव कोरलं, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदाही दिला. त्याच्या हातची रोजनिशी आजही आहे.

तांड्यात हलिमा नावाची स्वयंपाकीणही होती. तिने एकही ओळ लिहून ठेवलेली नाही. गापा कादंबरीची सुरुवात हलिमाच्या तोंडून करतात, वेनराइटला नंतर बोलावतात. लिहिता येणारा साक्षीदार आणि लिहिता न येणारी साक्षीदार, दोघांची जबानी एकाच फायलीत लागते, आणि वाचता वाचता कळतं की रोजनिशी लिहिणाऱ्यापेक्षा स्वयंपाकिणीला माणसं जास्त कळत होती.

वाचायचं असेल तर कथांपासून सुरुवात करा. त्यातही शवपेट्या बनवणाऱ्या नर्तकाची कथा आधी. ती मोठ्याने वाचली तर अधिक चांगली.